हॅविसचा थोरला

जून महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी राजधानीच्या मोठ्या चर्चमध्ये एका उपदेशकानं सांगितलं की, नुकताच वारलेला राजा ऑस्बर्ट हा आपल्या बापाचा मुलगा नव्हताच. आणि मंगळवारी सकाळी तो मेलेला राजा हेरनवुडच्या गढीत आपल्या आईच्या दारात येऊन उभा राहिला. मेला तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता. दारात उभा होता तो एकोणचाळीसचा.

त्याची आई हॅविस त्याच चर्चमधून, दोन दिवसांचा प्रवास करून, तासाभरापूर्वी घरी पोचली होती. तिच्या पायात अजून प्रवासाचे बूट होते. ऑस्बर्टला ज्या मेणात भिजवलेल्या कापडात गुंडाळून पुरलं होतं तेच त्यानं अंगाभोवती धरलं होतं. शेवटच्या दुखण्यात दाढीत आलेले पांढरे केस गेले होते.

"आई, भूक लागलीय," तो म्हणाला.

एमट नावाची म्हातारी दासी चाळीस वर्षं हॅविसजवळ होती. तिनं राजाकडे पाहिलं, रीतसर गुडघ्यात वाकली आणि थंड मटण, पाव, बीअर आणायला आत गेली. ऑस्बर्ट बापाच्या खुर्चीत बसला.

"तुला कुणी बोलावलं?" हॅविसनं विचारलं.

"कुणी नाही. तो उपदेशक म्हणाला की मी नव्हतो. म्हणून मी परत निघालोय."

"कुठं?"

"जिथून आलो तिथं. दिवसाला एक वर्ष. मध्ये थांबता येत नाही."

"आणि तिथं पोचल्यावर?"

"मग मी खरंच नव्हतो असं होईल." त्यानं हाडावरचं मांस दातांनी ओढलं. तो रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर हॅविसला बरं वाटलं असतं. "तू होतीस ना तिथं?"

"होते."

"मग काय म्हणालीस?"

हॅविसनं त्याच्या ताटात आणखी मटण वाढलं.

ती काहीच म्हणाली नव्हती. धाकट्या मुलानं, जॉसलिननं, आदल्या आठवड्यात निरोप पाठवला होता की मातोश्रींनी फक्त पुढच्या बाकावर येऊन बसावं, बोलावं काही लागणार नाही. ती जाऊन बसली. उपदेशकानं सगळं नीट, टप्प्याटप्प्यानं सांगितलं: तिचा नवरा ड्यूक राउल समुद्रापलीकडच्या किल्ल्याचे सुभेदार होते तेव्हा मोहिमेवर कधी गेले, त्या वेळी बाईसाहेब किल्ल्यात एकट्या कशा होत्या, आणि तिथं घोड्यांना नाल ठोकणारा एक उंच, सोनेरी केसांचा नालबंद कसा होता. एवढं बोलून तो थांबला. आठशे माणसांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. एक प्रार्थना म्हणून होईल इतका वेळ तो थांबला होता, म्हणजे तिला बोलायचं असतं तर बोलता आलं असतं. हॅविसनं खाली वाकून गुडघ्यांखालची मखमली उशी सारखी केली. उशी चुरगळलेली नव्हती. मग उपदेशकानं घसा साफ केला आणि तो म्हणाला की, तेव्हा खरा राजा जॉसलिनच.

ऑस्बर्ट हेरनवुडमध्येच राहिला. नोकरचाकरांनी ते लवकर अंगवळणी पाडून घेतलं. एमट माळ्यावरच्या पेट्या एकेक करून उघडत गेली आणि त्याचे जुने कपडे ज्या क्रमानं आत गेले होते त्याच्या उलट क्रमानं बाहेर येऊ लागले. पहिल्या आठवड्यात त्याचं सुटलेलं पोट आत गेलं. दुसऱ्या आठवड्यात गावातल्या चर्चचा मनोरा उतरायला लागला. तो त्यानं चौतिसाव्या वर्षी बांधायला घेतला होता. कुठून तरी गवंडी आले, वरच्या थरापासून दगड सोडवू लागले आणि गाडीत भरून डोंगराच्या खाणीकडे परत नेऊ लागले. हॅविसनं एकाला विचारलं की हे कुणाच्या हुकमानं चाललंय. तो म्हणाला, "काम काढलंय बाईसाहेब," आणि घण उचलून चालू लागला.

त्या दुसऱ्या शुक्रवारी ऑस्बर्ट एकोणतीस वर्षांचा झाला. त्याच दिवशी वॉल्टरचं पत्र आलं.

वॉल्टर म्हणजे ऑस्बर्टचा मुलगा, बारा वर्षांचा. बाप गेल्यावर चुलत्यानं त्याला सांभाळायला म्हणून राजवाड्यात नेऊन ठेवलं होतं. तो दर आठवड्याला आजीला पत्र लिहायचा: लॅटिन जमत नाही, कुत्रीला चार पिल्लं झाली, तुम्ही कधी येणार. या पत्रावर मोहोर होती, घड्या व्यवस्थित होत्या, आणि आतला कागद कोरा होता. हॅविसनं तो उजेडात धरला, मागं पुढं करून पाहिला.

"कुणी दिलं हे?" तिनं स्वाराला विचारलं.

"ठाऊक नाही. द्या म्हणाले, दिलं."

ती ऑस्बर्टकडे गेली. तो अंगणात घोड्याला खरारा करत होता.

"वॉल्टरचं पत्र कोरं आलंय."

"कोण वॉल्टर?" ऑस्बर्टनं विचारलं.

एमटही म्हणाली की या घरात त्या नावाचं कुणी कधी नव्हतं. आणि एमट खोटं बोलत नसे. हॅविस खोलीत जाऊन बसली आणि नातवाचा चेहरा आठवू लागली. केस आठवले, कपाळ आठवलं. हनुवटी आठवेना. रोज सकाळी उठल्यावर ती त्याला आठवून पाही आणि रोज काहीतरी कमी असे. सहाव्या दिवशी नुसतं नाव उरलं. ते तिनं धरून ठेवलं, कारण एवढं तरी आपल्या हातून सुटू नये असं तिला वाटत होतं. एका कोऱ्या कागदाला आपण तोंड दाखवू शकत नाही, हे तिच्या मनात येई आणि ती भिंतीकडे वळून बसे.

शुक्रवार आला आणि ऑस्बर्ट बावीसचा झाला. दुपारच्या जेवणाला तो उशिरा आला. केस ओले होते, गाल लाल होते, आणि बसायच्या आधीच तो म्हणाला, "आई, मी लग्न केलंय."

हॅविसला हा दिवस माहीत होता. एकोणीस वर्षांपूर्वी याच टेबलावर त्यानं हेच सांगितलं होतं. ती एका टोप्या करणाऱ्याची विधवा होती, आणि त्यानं ना आईला विचारलं होतं ना दरबाराला. एका परदेशी राजकन्येशी त्याचं लग्न ठरवण्यात हॅविसची दोन वर्षं गेली होती. त्या दिवशी ती ताडकन उठली होती आणि चाळीस माणसांसमोर म्हणाली होती, "हा माझ्या नवऱ्याचा मुलगा नव्हेच! त्यांच्या मुलानं असला दळभद्रीपणा केला नसता." बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं होतं. रात्रीपर्यंत ती ते विसरूनही गेली होती.

आता तिनं दोन्ही हात टेबलावर घट्ट दाबून धरले.

"बरं केलंस," ती म्हणाली. "घेऊन ये तिला."

ऑस्बर्टनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "तू असं म्हणाली नव्हतीस."

"आता म्हणते."

"आता म्हणून काय," तो म्हणाला आणि जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी तो एकवीसचा झाला, आणि टोपीवाल्याची विधवा म्हणजे कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. अठराव्या वर्षात शिरला त्या दिवसापासून नोकर त्याला मुजरा करेनासे झाले. ते त्याला नुसतं "धाकले मालक" म्हणू लागले, आणि त्यालाही ते बरं वाटलं.

हॅविसनं जॉसलिनला पत्र लिहिलं. त्यात एकच ओळ होती: तुझा भाऊ माझ्याजवळ आहे, येऊन भेट.

तो आला तेव्हा ऑस्बर्ट आठ वर्षांचा होता. चाळीस घोडेस्वार खाली थांबले आणि राजा एकटाच जिना चढून आईच्या खोलीत आला. जॉसलिन एकतीस वर्षांचा, सडपातळ, नेहमी थोडा थकलेला दिसणारा माणूस होता. ऑस्बर्ट जमिनीवर बसून लाकडाचे घोडे एका ओळीत उभे करत होता.

"हा कोण?" ऑस्बर्टनं विचारलं.

"हा जॉसलिन," हॅविस म्हणाली. "तुझा भाऊ."

"मला भाऊ नाही," ऑस्बर्ट अदबीनं म्हणाला. "अजून झालेला नाही."

जॉसलिन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्यानं हातमोजे काढले, एक घोडा उचलला, पाहिला आणि जिथल्या तिथं ठेवला.

"बाबा लढाईत पडले त्या दिवशी यानं मला खांद्यावर घेऊन नदी पार केली होती," तो म्हणाला. "मला हे पाठ आहे, मी कितीदा सांगितलंय लोकांना. पण आता आठवायला गेलो की मी एकटाच नदीत असतो. पाणी गळ्यापर्यंत आलेलं असतं."

"म्हणजे तुलाही कळलंय काय चाललंय ते."

"कळलंय."

"मग थांबव."

"माझ्या हातात नाही. तुमच्या आहे." जॉसलिन उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथून अर्धा उतरलेला मनोरा दिसत होता. "तुम्ही त्याच चर्चमध्ये उभं राहून सांगायचं की तो बाबांचाच मुलगा. तो थांबेल. मग खोटा मी ठरेन आणि मी मागे चालायला लागेन. मी एकतीस वर्षांचा आहे मातोश्री. मला महिनाभर पुरेल."

हॅविस त्याच्यामागं खिडकीशी गेली. "असलं घाणेरडं काही त्या उपदेशकाच्या तोंडात का घातलंस तू? त्याचा मुलगा लहान होता, राज्य तूच चालवणार होतास. नालबंद कुठून काढलास?"

"नालबंद त्या उपदेशकानं काढला. बाकीचं मी कुठं बनवलं?" जॉसलिन वळला. त्याच्या आवाजात कसलाच चढउतार नव्हता. "ते तुम्हीच म्हणाला होता. जेवायच्या टेबलावर. मी तिथं बसून मासा खात होतो."

"मी रागात बोलले होते."

"मी बारा वर्षांचा होतो. मला वाटलं, आई आहे, तिला माहीत असणार."

हॅविसच्या कानांपर्यंत रक्त चढलं. तिला वाटलं की आपला चेहरा आता मुलांच्या देखत वितळून गळून पडेल, आणि पडला असता तर तिनं तो उचललाही नसता. एकोणीस वर्षं हा मुलगा तिच्याकडे बघताना ते वाक्य बरोबर घेऊन बघत होता. नवऱ्याच्या थडग्यावर ती फुलं ठेवायची तेव्हाही तो शेजारी उभा असायचा.

"मी खोटं बोलले होते," ती कसंबसं म्हणाली.

"असेल. आता मला त्याचा काही उपयोग नाही." जॉसलिननं हातमोजे चढवले. "तुम्हाला दोन मुलगे होते. एक मेलाच होता, हे विसरू नका. काही करू नका तुम्ही. गप्प बसलात की पुरे."

जाताना त्यानं आईच्या हाताचं चुंबन घेतलं. ती गप्प बसली. ऑस्बर्टनं वर पाहून विचारलं, "तो रडत का होता?" हॅविसनं जॉसलिनला रडताना पाहिलं नव्हतं. तिचं लक्षच नव्हतं.

त्यानंतरचे दिवस भरभर गेले. ऑस्बर्टचे पुढचे दात पडले आणि त्या जागी लहान दात आले. मग शब्द गेले. आधी मोठे, मग लहान. मग तो रांगू लागला, आणि एका शुक्रवारी नुसता पाळण्यात पडून तिच्याकडे बघत राहिला. शनिवारी सकाळी एमट पाळण्याजवळ आली तर अंथरूण ऊबदार होतं आणि आत कुणी नव्हतं.

"बाईसाहेब," एमट म्हणाली आणि मागं वळली, तर हॅविस पलंगावर उठून बसली होती आणि तिला नववा महिना होता.

ती त्रेसष्ट वर्षांची होती. नवरा जाऊन तेवीस वर्षं झाली होती. पोट कुठल्याच झग्यात मावत नव्हतं. एमटनं दोन झगे उसवून एक शिवला, वर जाड शाल घातली, तरी ते दिसतच होतं. गढीत सगळे जण एका टेबलावर जेवत. हॅविसनं ताट खोलीत मागवलं. पण प्रार्थनेला तर जावंच लागे. ती प्रार्थनेला जाताना अंगणातल्या बायका विहिरीवरचं बोलणं थांबवून बाजूला होत, आणि ती पुढं गेली की मागून एक दबका आवाज येई, हसण्याचा की खोकल्याचा ते कळत नसे. कुणी न सांगता स्वयंपाकघरातून आंबट सफरचंदं येऊ लागली. हॅविस ती खाई. तिला ती हवीशी वाटत, आणि त्याचीही तिला लाज वाटे.

रविवारी ती गढीतल्या फादर ॲन्सेलकडे पापांची कबुली द्यायला गेली.

"मूल कुणाचं?" त्यानं जाळीपलीकडून विचारलं.

"माझ्या नवऱ्याचं."

"त्यांना जाऊन तेवीस वर्षं झाली."

"हो."

"बाईसाहेब, इथं खोटं बोललं तर क्षमा मिळत नाही."

"इथं मी खरं बोलतेय, फादर. खोटं तिथं बोलले." आणि तिनं त्याला सगळं सांगितलं: टेबल, मासा, उशी. उशीचं सांगताना ती थांबली. मग जे तिनं आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. "त्या दिवशी चर्चमध्ये मी घाबरून गप्प बसले नाही. उपदेशक बोलत होता तेव्हा मला आतून बरं वाटत होतं. बावीस वर्षं तो राजा होता आणि मला भेटायला चार वेळा आला. मला वाटलं, बरी जिरली."

फादर ॲन्सेल म्हणाला, "मला सांगून भागणार नाही. हे माझ्याच्यानं बाहेर नेता येत नाही. जिथं खोटं सांगितलं गेलं तिथं खरं सांगावं लागतं."

"आणि धाकटा?"

त्यानं जाळीवरचा पडदा ओढून घेतला.

पोटात मात्र चाल बदलली होती. दिवसाला एक महिना. सोमवारी सातवा होता, मंगळवारी सहावा. बुधवारी मूल शेवटचं हललं. त्याआधी ते रात्रंदिवस लाथा मारत होतं. हॅविस पोटावर हात ठेवून बसून राही आणि ठरवी की उद्या निघायचं. आणि दुसऱ्या दिवशी जॉसलिनचे हातमोजे, त्याची ती थकलेली मान आठवून गाडी जोडायला सांगत नसे. गुरुवारी एमटनं शाल काढून तिच्याकडे निरखून पाहिलं.

"उतरलं बरंच," एमट म्हणाली. "आणखी तीन दिवस. मग काही झालं होतं असं कुणाला म्हणताही येणार नाही. टेबलावर जेवायला या पुन्हा."

हॅविसला सुटल्यासारखं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. जुना काळा झगा आता अंगावर बसेल, विहिरीवरून ताठ मानेनं जाता येईल, हे तिच्या डोळ्यांसमोर आलंसुद्धा. मग हे सुटल्यासारखं वाटणं तिनं ओळखलं. चर्चमध्ये बरं वाटलं होतं ते हेच. तिला स्वतःची इतकी शिसारी आली की ती उठून उभी राहिली आणि बराच वेळ तिला कुठं बसावं ते समजेना. ज्या ज्या खुर्चीकडे ती जाई ती खुर्ची थोडी बाजूला सरके.

"गाडी जोडायला सांग," ती म्हणाली.

शुक्रवारी पहाटे ती निघाली. वाटेत ज्या ज्या मुक्कामावर घोडे बदलले तिथली माणसं तिच्याकडे पाहत आणि नजर फिरवत. तिच्याआधी बातमी पोचली होती, पण दाखवायला आता पोट नव्हतं. शनिवारी संध्याकाळी राजधानी आली. रविवारी सकाळी झगा घालताना तिनं हात फिरवून पाहिला. पोट सपाट होतं. आत एक मूठभरही काही नव्हतं, आणि जे होतं ते दुपारी नसणार होतं. सकाळची मळमळ तेवढी होती. मळमळते आहे तोवर तो आहे, एवढं धरून ती चर्चच्या पायऱ्या चढली.

चर्च भरलेलं होतं. तोच उपदेशक वर उभा होता आणि राजाच्या आज्ञेत राहणं किती पुण्याचं याविषयी बोलत होता. वेदीच्या उजवीकडे तीन पायऱ्यांवर उंच सिंहासन होतं, त्यावर जॉसलिन बसला होता, डोक्यावर मुकुट, अंगावर खारीच्या कातड्याची किनार असलेला लांब झगा. आईला पाहून तो हलला नाही. पुढचा बाक तिच्यासाठी रिकामा ठेवला होता. ती बसली नाही.

उपदेशक या वेळी कुठं थांबला नाही, म्हणून ती त्याच्या बोलण्यातच बोलली.

"ऑस्बर्ट माझ्या नवऱ्याचा मुलगा होता."

उपदेशकाचं तोंड उघडंच राहिलं. हॅविसला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण तो शेवटच्या खांबापर्यंत गेला.

"तो राउलचा मुलगा होता. नालबंद कुणी नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी मी मुलावर रागावून खोटं बोलले. आणि गेल्या खेपेला इथं बसून मला ते खोडता आलं असतं, पण मी गप्प बसले. मला बरं वाटलं म्हणून गप्प बसले. मी त्याची आई आहे."

आठशे माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू खाली उतरल्या, तिच्या कमरेकडे. काळ्या झग्याची शिवण फाटत होती. एक टाका गेला, मग एकदम सगळे. जायला पन्नास दिवस लागले होते. परत यायला एक श्वासही लागला नाही. पोट तिच्यापुढं उभं राहिलं, पूर्ण भरलेलं, आणि त्याच्या वजनानं ती मागं रेलली. पुढच्या क्षणी तिच्या पायांतून पाणी वाहून दगडी फरशीवर पसरलं.

बायका धावल्या. कुणी तिला खांद्यांना धरून खाली बसवलं, कुणी अंगरखे पसरले, एका धिप्पाड बाईनं बाह्या सारल्या आणि ती तिच्या गुडघ्यांपाशी बसली. हॅविसला अजून बोलायचं होतं. अर्धंच सांगून झालं होतं. जॉसलिनही त्याच बापाचा, दोघंही माझे, दोघंही खरे, एवढं तिला म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं आणि कळ आली, आणि तोंडातून निघाली ती नुसती किंकाळी. ती घुमटापर्यंत गेली आणि तिथून परत आली.

"डोकं दिसतंय," गुडघ्यांपाशी बसलेली बाई म्हणाली. "जोर करा बाई. जोर करा."

तिनं जोर केला. बायकांच्या खांद्यांमधल्या फटीतून तिला सिंहासन दिसत होतं. जॉसलिन हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून नीट बसला होता, पण बाह्यांतून बोटं बाहेर येत नव्हती. त्याचे बूट पायांतून निसटून खालच्या पायरीवर पडले होते. पुन्हा कळ आली, तिनं पुन्हा जोर केला आणि मुकुट घसरून त्याच्या नाकावर आला. आपली आई का ओरडते आहे ते बघायला तो दोन्ही हातांनी मुकुट वर ढकलू पाहत होता.

"थांबू नका, आता थांबायचं नाही!" बाई ओरडली. "घुसमटेल तो!"

हॅविसनं श्वास रोखून धरला. समोर, सिंहासनाच्या पायरीपासून वीतभर वर, जॉसलिनची इवलाली उघडी पावलं हलत होती.